रात्र किती तासांची? सूर्याच्या उंचीवरून संधिप्रकाशाचं गणित

काळोख_हवा
आकाशनिरीक्षण गटासाठी वर्षभराचा तक्ता करायचाय. ठिकाण पुणे. सूर्योदय-सूर्यास्त कुठेही मिळतात, पण दुर्बीण लावायची तर पूर्ण काळोख कधी सुरू होतो आणि कधी संपतो ते हवं. २४ तासांतून दिनमान वजा केलं तर २१ डिसेंबरची रात्र १३ तासांची येते. मोबाइलमधलं ॲप मात्र काळोख साडेदहा तासांपेक्षा कमी दाखवतं. मधले अडीच तास कुठे जातात ते ढोबळ कळतंय, पण स्प्रेडशीटमध्ये स्वतः सूत्र घालून काढायचंय. तयार तक्ता नको, रीत हवी.

क्षितिजरेषा
आधी कोणती रात्र मोजायची ते ठरवा. सूर्यबिंबाचं केंद्र क्षितिजाच्या किती अंश खाली आहे यावर सगळं अवलंबून आहे. त्याला उन्नतांश म्हणू, क्षितिजाखाली तो उणे.

सूर्योदय-सूर्यास्त: −०.८३३°. यात १६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बिंबाच्या त्रिज्येच्या, कारण आपण वरची कड धरतो, आणि ३४ कला वातावरणातल्या वक्रीभवनाच्या. मिळून ५० कला.
नागरी संधिप्रकाश: −६° पर्यंत. दिव्याशिवाय बाहेरची कामं होतात.
नाविक: −१२° पर्यंत. समुद्रावर क्षितिजाची रेघ दिसते, म्हणून ताऱ्यांची उंची मोजता येते.
खगोलीय: −१८° पर्यंत. त्याखाली सूर्याचा उजेड आकाशात उरत नाही.

तुम्हाला हवी ती रात्र −१८° ते −१८°. पंचांगातलं रात्रिमान सूर्यास्त ते सूर्योदय. दोन्ही बरोबरच आहेत, म्हणून तक्त्याच्या डोक्यावर कोणती घेतली ते लिहा, नाहीतर गटात दर महिन्याला हाच वाद होईल.

एक सूचना आत्ताच: ६, १२, १८ या अंकांत वक्रीभवन आणि त्रिज्या मिळवायची नाही. ते केंद्राचे शुद्ध भौमितिक अंश आहेत. बरेच जण −१८.८३३ घालतात आणि दोन्ही टोकांना साडेतीन मिनिटं वाढवून ठेवतात.

भुजकोटी
सूत्र एकच आहे, उन्नतांश तेवढा बदलायचा:

कॉस(होराकोन) = [साइन(उन्नतांश) − साइन(अक्षांश) × साइन(क्रांती)] ÷ [कॉस(अक्षांश) × कॉस(क्रांती)]

क्रांती म्हणजे सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला (धन) किंवा दक्षिणेला (उणे) आहे ते. होराकोन म्हणजे स्थानिक मध्यान्हापासून सूर्य किती अंश सरकला ते. १५ ने भागलं की तास, ४ ने गुणलं की मिनिटं. मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना तेवढाच वेळ, म्हणून −१८° चा होराकोन दुप्पट करून २४ तासांतून वजा केला की पूर्ण काळोख.

पुण्याचा अक्षांश १८.५२° धरून तीन दिवस काढून देतो, ताळा पाहायला उपयोगी पडतील.

२१ डिसेंबर (क्रांती −२३.४४°): होराकोन क्रमाने (सूर्यास्त, −६°, −१२°, −१८°) ८२.६२°, ८८.५६°, ९५.३८°, १०२.१२°. दिनमान ११ तास १ मिनिट, रात्रिमान १२ तास ५९ मिनिटं. सूर्यास्तानंतर नागरी २४, नाविक ५१, खगोलीय ७८ मिनिटांनी संपतो. पूर्ण काळोख १० तास २३ मिनिटं.

विषुवदिन (क्रांती ०): होराकोन ९०.८८°, ९६.३३°, १०२.६७°, १०९.०२°. दिनमान १२ तास ७ मिनिटं. संधिप्रकाश २२, ४७, ७३ मिनिटं. काळोख ९ तास २८ मिनिटं.

२१ जून (क्रांती +२३.४४°): होराकोन ९९.३२°, १०५.३९°, ११२.६०°, १२०.०३°. दिनमान १३ तास १५ मिनिटं. संधिप्रकाश २४, ५३, ८३ मिनिटं. काळोख बरोबर ८ तास.

विषुवदिनी दिवस-रात्र समान असतात असं आपण शाळेत घोकतो. त्या ५० कलांमुळे दिवस ७ मिनिटांनी मोठाच निघतो.

नागपुरी_संत्रं
तक्त्यातली एक गंमत पाहा. डिसेंबरपेक्षा जूनचा संधिप्रकाश मोठा, आणि विषुवदिनाजवळ सर्वांत छोटा. विषुवदिनी सूर्य जवळजवळ विषुववृत्तावरून चालतो आणि क्षितिजाखाली सर्वांत खड्या उतारानं जातो, तासाला १५° × कॉस(अक्षांश) या गतीने. म्हणून तोंडी अंदाज: ४ मिनिटं × १७.१७ (१८ वजा ०.८३३) ÷ कॉस(अक्षांश). पुण्याला ७२, नागपूरला (२१.१५°) ७४, पणजीला (१५.५°) ७१, दिल्लीला ७८.

पण नेमका किमान विषुवदिनी येत नाही. आपल्या अक्षांशावर तो क्रांती सुमारे −३° असताना, म्हणजे १२-१३ मार्चला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास येतो. हा प्रश्न पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनेश यांनी १५४२ मध्येच सोडवला होता.

महाराष्ट्रात कुठेही, कधीही खगोलीय संधिप्रकाश ७१ ते ८६ मिनिटांच्या बाहेर जात नाही. तुमच्या रकान्यात ९५ आले तर सूत्र तपासा, आकाश नव्हे.

काळोख_हवा
होराकोन जमला, आकडे जुळले. आता दोन गोष्टी अडल्या. रोजची क्रांती कुठून आणायची? आणि काळोख १० तास २३ मिनिटं हे ठीक, पण घड्याळात किती वाजता?

भुजकोटी
दोन्ही एकाच गणितात निघतात. क्रांतीसाठी −२३.४४ × कॉस(३६०/३६५ × (दिवस + १०)) हे सूत्र सगळीकडे फिरतं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे हे ते विसरतं. अंदाजाला चालेल, तक्त्याला नको. खालची रीत १९५० ते २०५० मध्ये शंभरांश अंशापर्यंत बरोबर असते. उदाहरणाला १४ डिसेंबर २०२६ घेऊ. मिथुन राशीतला उल्कावर्षाव त्याच सुमारास असतो.

१) दिवससंख्या: ज्युलियन दिनांक (सलग मोजत आलेली दिवसांची संख्या) वजा २४५१५४५. ज्युलियन दिवस ग्रिनिचच्या दुपारी १२ ला बदलतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी ५:३० ला. संध्याकाळसाठी काढताना अपूर्णांकाची कटकटच नाही, पूर्णांक घ्या. १४ डिसेंबर २०२६, संध्याकाळी ५:३० ला ज्युलियन दिनांक २४६१३८९, म्हणून दिवससंख्या ९८४४.

२) मध्यम भोग (सूर्य एकसारख्या गतीने चालतो असं धरून त्याचं क्रांतिवृत्तावरचं, म्हणजे आकाशातल्या वार्षिक मार्गावरचं स्थान) = २८०.४६० + ०.९८५६४७४ × दिवससंख्या. ३६० चे पट काढून २६३.१७३°.

३) मंदकेंद्र (पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तिथपासून मोजलेला मध्यम कोन) = ३५७.५२८ + ०.९८५६००३ × दिवससंख्या. उरतात ३३९.७७७°.

४) स्पष्ट भोग = मध्यम भोग + १.९१५ × साइन(मंदकेंद्र) + ०.०२० × साइन(२ × मंदकेंद्र) = २६३.१७३ − ०.६६२ − ०.०१३ = २६२.४९८°. हा सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेला आहे. पंचांगातला निरयन रवी इथे घालू नका, सुमारे २४° चा फरक पडेल.

५) क्रांतिवृत्ताचा तिरकसपणा २३.४३५°. साइन(क्रांती) = साइन(तिरकसपणा) × साइन(स्पष्ट भोग) = −०.३९४३. क्रांती −२३.२२°.

६) विषुवांश (सूर्याचं खगोलीय विषुववृत्तावर मोजलेलं स्थान): टॅन(विषुवांश) = कॉस(तिरकसपणा) × टॅन(स्पष्ट भोग). पाद (९०° चा चतुर्थांश) स्पष्ट भोगाचाच राहील हे सांभाळून २६१.८३२°.

७) कालसमीकरण (खरा सूर्य घड्याळाच्या मध्यम वेळेपेक्षा किती पुढे ते) = ४ × (मध्यम भोग − विषुवांश) = ४ × १.३४१ = ५.४ मिनिटं.

आता घड्याळ. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची. पुणे ७३.८६° वर, फरक ८.६४°, म्हणजे ३४.६ मिनिटं. मध्यान्ह = १२:०० + ३४.६ − ५.४ = १२ वाजून २९.२ मिनिटं.

त्या दिवशीचा सूर्यास्ताचा होराकोन ८२.७०°, म्हणजे ५ तास ३०.८ मिनिटं. सूर्यास्त ६:००. −१८° चा होराकोन १०२.१८°, म्हणजे ६ तास ४८.७ मिनिटं. काळोख ७:१८ ला सुरू. दुसऱ्या दिवशीचा मध्यान्ह अर्ध्या मिनिटाने पुढे, त्यातून तेवढेच तास वजा केले की पहाटे ५:४१. एकूण १० तास २३ मिनिटं. चंद्र यात धरलेला नाही. शुक्ल पक्ष आहे, पूर्वरात्रीत कोर असेल, तेव्हा चंद्रास्ताचा रकाना वेगळा ठेवा.

क्षितिजरेषा
याच कालसमीकरणामुळे सर्वांत लवकर सूर्यास्त २१ डिसेंबरला येत नाही. पुण्या-मुंबईकडे तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला. रात्र मात्र २१-२२ डिसेंबरचीच मोठी. तक्ता चुकला म्हणून कोणी ओरडलं तर हे सांगा.

पलभा
इतकं सगळं संगणकावर करता, पण नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवात (शके १४४२, म्हणजे १५२०) हेच काम तीन गुणाकारांत केलंय. कोकणातला माणूस, त्यामुळे आपल्या धाग्यावर त्यांचा हक्कच आहे.

सायन रवी मेषारंभी असताना, म्हणजे विषुवदिनी, १२ अंगुळं उंच शंकूची (उभ्या काठीची) मध्यान्हीची सावली मोजा. ती पलभा. पुण्याची १२ × टॅन(१८.५२°) = ४.०२ अंगुळं. तिला १०, ८ आणि १० भागिले ३ यांनी गुणा: ४०, ३२, १३.४. ही तीन चरखंडं, पळांत. चर म्हणजे दिनार्ध (अर्धा दिवस) १५ घटींपेक्षा जितका कमी-जास्त तो फरक. सायन रवी विषुवबिंदूपासून पहिल्या ३०° त असेल तर पहिल्या खंडातून, पुढच्या ३०° त दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून त्रैराशिकाने घ्यायचं आणि १५ घटींच्या दिनार्धात मिळवायचं किंवा वजा करायचं. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं.

वरचंच उदाहरण: सायन रवी २६२.५°, विषुवबिंदूपासून ८२.५°. चर = ४० + ३२ + १३.४ × २२.५ ÷ ३० = ८२ पळं, म्हणजे ३२.८ मिनिटं. आधुनिक सूत्राने साइन(चर) = टॅन(अक्षांश) × टॅन(क्रांती) यातून ३३.१ मिनिटं येतात. पाचशे वर्षांच्या रीतीत २० सेकंदांचा फरक.

भुजकोटी
पलभा, सुंदर. फक्त नवख्यांसाठी जोडतो: तो मेळ थोडा नशिबाचाही आहे. जुन्या ग्रंथांत परमक्रांती (सर्वांत मोठी क्रांती) २४° धरली जाई, आज ती २३.४४° आहे, त्यामुळे अयनदिनी चर ८५.४ पळं, म्हणजे ३४.२ मिनिटं येतं, प्रत्यक्षात ३३.४. शिवाय चरातून निघतो तो बिंबाच्या केंद्राचा, वक्रीभवनाशिवायचा उदयास्त. दृश्य सूर्यास्त त्या दिवशी पुण्यात पावणेचार मिनिटं उशिरा होतो. दोन पंचांगांच्या दिनमानांत सात-आठ मिनिटांची तफावत दिसली तर पहिला संशय यावर घ्या. एक केंद्र धरत असेल, दुसरं वरची कड.

पलभा
मान्य. आणि ती तफावत मुहूर्तांत उतरते. रात्रिमानाचे १५ भाग केले की रात्रीचं एक मुहूर्त. पुण्यात २१ डिसेंबरला ते ५२ मिनिटांचं, २१ जूनला ४३ चं. निशीथकाल म्हणजे आठवं मुहूर्त. त्याचा मध्य कधीच घड्याळाच्या १२ वर नसतो, मध्यान्हाच्या १२ तास पुढे असतो. पुण्यात साधारण १२:१८ ते १२:४९ च्या दरम्यान तो वर्षभर हलतो. अरुणोदय सूर्योदयापूर्वी ४ घटी, म्हणजे ९६ मिनिटं धरतात. आपल्याकडचा खगोलीय संधिप्रकाश ७१ ते ८६, म्हणजे अरुणोदयाच्या क्षणी सूर्य १८° पेक्षा खालीच असतो.

थेम्सकाठचा_सातारकर
लंडनसाठी (५१.५°) हेच सूत्र घातलं. डिसेंबर नीट आला, मेअखेर ते जुलै −१८° च्या रकान्यात स्प्रेडशीट एरर देतेय. क्रांती बरोबर आहे.

भुजकोटी
एररच बरोबर आहे. २१ जूनला अंशस्थान −०.६२०३, छेद ०.५७११, भागाकार −१.०८६. कॉस −१ च्या खाली जात नाही, म्हणजे सूर्य त्या रात्री −१८° ला पोचतच नाही. मध्यरात्रीही तो −१५.१° वर असतो. अक्षांश + क्रांती ७२ पेक्षा जास्त झाली की खगोलीय रात्र संपली. लंडनला क्रांती २०.५° ओलांडते ती साधारण २२ मे ते २१ जुलै. तो सगळा काळ सूर्यास्त ते सूर्योदय, जूनमधले ७ तास २२ मिनिटं, संधिप्रकाशच. ४८.५६° अक्षांशाच्या दक्षिणेला ही भानगड नाही, त्यामुळे भारतात कुठेच येत नाही.

रकान्यात अट घाला: भागाकार −१ पेक्षा कमी तर "रात्रभर संधिप्रकाश", +१ पेक्षा जास्त तर "सूर्य त्या उंचीवर चढत नाही". एरर दिसू नये म्हणून शून्य भरायचा मोह आवरा. तो पुढे बेरजेत मिसळतो आणि कुठून आला ते सापडत नाही.

तुमच्याकडे आणखी एक पथ्य. क्रांती विषुवदिनाजवळ दिवसाला ०.४° बदलते. पुण्यात सकाळ-संध्याकाळ एकच क्रांती वापरली तर दहा-वीस सेकंदांचा प्रश्न, लंडनला तो मिनिटाच्या घरात जातो. तेव्हा पहाटेसाठी दिवससंख्या अर्ध्या दिवसाने कमी घेऊन वेगळी काढा. आणि उन्हाळी वेळेचा एक तास मिळवायला विसरू नका.

नागपुरी_संत्रं
स्प्रेडशीटमध्ये हमखास कुठे माती होते ते एकत्र लिहून ठेवतो.

कोन रेडियनमध्ये नेले नाहीत तर उत्तरं वेडीवाकडी येतात, ते लगेच कळतं. न कळणारी चूक म्हणजे पुण्याचा १८ अंश ३१ कला हा अक्षांश १८.३१ असा टाइप करणं. तो १८.५२ आहे. रेखांश ७३ अंश ५१ कलांचा ७३.५१ झाला तर प्रत्येक वेळ जवळजवळ दीड मिनिटाने सरकते, आणि चूक वर्षभर सारखी असल्याने कोणाला शंका येत नाही.

विषुवांशाला एटॅन-टू (पाद ओळखणारं उलट टॅन) वापरता ना? स्प्रेडशीटमध्ये त्याला आधी क्ष आणि मग य लागतो, बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत उलटं. वरच्या उदाहरणात अदलाबदल केली तर विषुवांश १८८° येतो आणि कालसमीकरण ३०० मिनिटं. खरं कालसमीकरण साडेसोळा मिनिटांच्या वर कधीच जात नाही.

रेखांशाचं चिन्हही पाहा. काही जुन्या पुस्तकांत पश्चिम रेखांश धन असतो. आणि काळोखाची लांबी काढताना आजची पहाट वजा आजची संध्याकाळ केलं तर उणे येणार. पहाट उद्याची घ्या, एक दिवस मिळवून.

गडवाट
वेळ सेकंदापर्यंत द्यावी का? तक्त्यात रकाने आहेत म्हणून विचारतोय. आणि महाबळेश्वरसारख्या उंचीवर काय करायचं?

क्षितिजरेषा
सेकंद देऊ नका. ३४ कला हे वक्रीभवन १०° तापमान आणि १०१० मिलिबार दाबाचं आहे. पुण्यात एप्रिलच्या ४०° उन्हात, ९५० मिलिबारला ते २९ कलांपर्यंत उतरतं. पाच कला म्हणजे २० सेकंद, तेही हवेचे थर शांत असतील तर. संधिप्रकाशाला वक्रीभवन लागत नाही, पण −१८° चा क्षण डोळ्यांना मिनिटाच्या अचूकतेनेही कळत नाही. शहरात तर आकाश त्याच्या बरंच आधी दिव्यांच्या उजेडावर येऊन थांबतं. माझ्या मते मध्यवस्तीतून पाहणाऱ्यांनी −१५° चा रकाना ठेवावा, −१८° ची वाट पाहण्यात अर्थ नाही.

उंचीसाठी क्षितिजाची घसरण (उंचावरून क्षितिज जितकं खाली दिसतं ते) काढायची: १.७६ कला × वर्गमूळ(मीटरमधली उंची). १३०० मीटरला ६३ कला, म्हणजे विषुवदिनाजवळ सूर्यास्त साडेचार मिनिटं उशिरा. पण हे पश्चिमेला समुद्राची मोकळी रेघ दिसत असेल तरच. मध्ये कोकणातली डोंगररांग आली तर घसरण कमी, आणि दरीत उभे असाल तर सूर्यास्त उलट लवकर. सपाट पठारावर समुद्रसपाटीपासूनची उंची घालणं ही सरळ चूक आहे, आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची लागते. ही घसरण फक्त उदयास्ताला लावा. −६, −१२, −१८ ला नाही.

काळोख_हवा
३६५ ओळी भरल्या. ॲपशी एका मिनिटाच्या आत जुळतात. फक्त २० ते २२ मार्चच्या ओळींत मध्यान्ह उणे ११ तास येतोय. बाकी कुठेच नाही.

भुजकोटी
विषुवांश ० ओलांडून गेला, मध्यम भोग अजून ३५८-३५९° वर आहे. फरक उणे दोन अंशांऐवजी ३५८° निघतो आणि कालसमीकरण −७ मिनिटांऐवजी १४३३. दोन दिवसांत मध्यम भोगही ० ओलांडतो आणि सगळं पूर्ववत होतं, म्हणून तीनच ओळी. फरक − ३६० × राउंड(फरक ÷ ३६०) असं लिहा, कायमचं मिटेल.

नंतर त्या रकान्याचा आलेख काढा. ११ फेब्रुवारीच्या आसपास −१४, मेच्या मध्यात +३.७, जुलैअखेर −६.५, ३ नोव्हेंबरच्या आसपास +१६.४ मिनिटं, आणि एप्रिलचा मध्य, जूनचा मध्य, १ सप्टेंबर व २५ डिसेंबरजवळ शून्य यायला हवं. हे जुळलं की तोच तक्ता दुसऱ्या गावाला वापरायला फक्त अक्षांश आणि रेखांश बदला. नागपूरला ३४.६ च्या जागी १३.६ मिनिटं येतील, मुंबईला ३८.५.